ब्रह्मदेश १९४४-४५: स्लिम, माउंटबॅटन, मुतागुची. कुठला निर्णय नेमका कोणाचा?

पानगळ (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश मोहिमेवर अभ्यासगटासाठी टिपण करायचं आहे. वाचायला मिळतं त्यात "माउंटबॅटनने ब्रह्मदेश परत घेतला" नाहीतर "स्लिमने घेतला", एवढ्यावर भागवलेलं असतं. चार ठिकाणी अडलंय.

१. सर्वोच्च सेनापती माउंटबॅटन, मग श्रेय चौदाव्या आर्मीच्या स्लिमला का? मध्ये जिफर्ड, लीज, स्टिलवेल, ऑकिन्लेक ही नावं येतात. ही उतरंड कशी वाचायची?
२. १९४४ मध्ये जपान्यांचा इंफाळला वेढा पडल्यावर आतली माणसं "विमानाने आलेल्या रसदीवर" जगली म्हणतात. किती टन, किती फेऱ्या, काय फसलं?
३. इंफाळवर चालून आलेला जपानी सेनापती मुतागुची आततायी होता म्हणून जपानी हरले, हे उत्तर मला फार सोपं वाटतं.
४. या मोहिमेत मराठी पलटणींचा खरा संबंध कुठे येतो? उगाच ओढूनताणून नको.

रसदवाला

आधी उतरंड, कारण तिथेच सगळे गोंधळतात.

माउंटबॅटनचं आग्नेय आशिया कमांड नोव्हेंबर १९४३ मध्ये सुरू झालं. मुख्यालय आधी दिल्लीत, एप्रिल १९४४ पासून सिलोनमध्ये कँडीला. त्याच्या हाताखाली जमिनीवरच्या फौजांसाठी जनरल जिफर्डचा अकरावा आर्मी ग्रुप आणि जिफर्डच्या खाली स्लिमची चौदावी आर्मी. म्हणजे माउंटबॅटन स्लिमचा थेट साहेब नव्हता, साहेबाचा साहेब होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये जिफर्ड गेला आणि नव्या रचनेत लीज आला. त्याच वेळी आराकानमधली (ब्रह्मदेशचा पश्चिम किनारा) पंधरावी कोअर (काही डिव्हिजनांचा गट) स्लिमकडून काढून थेट लीजकडे दिली. त्यामुळे जानेवारी १९४५ मधली आराकानची लढाई स्लिमच्या खात्यावर टाकू नका. ही चूक बऱ्याच लेखांत आहे.

ऑकिन्लेक या साखळीत बसतच नाही. तो जून १९४३ पासून हिंदुस्थानचा सरसेनापती. भरती, प्रशिक्षण, डेपो, रेल्वेपर्यंतची पिछाडी ही त्याची जबाबदारी. १९४२ साली जंगलातून मागे रेटली गेलेली फौज आणि १९४४ साली त्याच जंगलात पाय रोवून उभी राहिलेली फौज यांत जो फरक दिसतो, त्यातला मोठा वाटा प्रशिक्षणाचा आहे, आणि ते खातं ऑकिन्लेकचं होतं.

स्टिलवेल म्हणजे या रचनेतलं नसतं कोडं. कागदावर तो माउंटबॅटनचा उपप्रमुख, शिवाय चँग कै-शेकचा चीफ ऑफ स्टाफ, शिवाय उत्तरेकडच्या चिनी डिव्हिजनांचा प्रत्यक्ष सेनापती. या शेवटच्या नात्याने त्याने जिफर्डच्या हाताखाली यायला हवं होतं. त्याने साफ नकार दिला, आणि वर "कामाइंगला पोचेपर्यंत मी स्लिमचे हुकूम मानतो" असा तोडगा स्वतःच काढला. म्हणजे पदाने वरचा माणूस खालच्या माणसाच्या हुकमात, तेही एका गावापर्यंत! ही व्यवस्था चालली ती दोघांचं एकमेकांशी जमायचं म्हणून. तक्त्यावर ती कधीच नीट बसणार नाही, तेव्हा टिपणात तुटक रेषा काढून मोकळे व्हा.

आता माउंटबॅटनने प्रत्यक्षात काय केलं. त्याला मुळात समुद्रावरून चढाई करायची होती, त्याच कामासाठी त्याला पाठवलं होतं. चर्चिलचा डोळा सुमात्रावर होता, रूझवेल्टला चीनकडे जाणारा रस्ता हवा होता. डिसेंबर १९४३ मध्ये तेहरान परिषदेनंतर उतरणीची जहाजं युरोपकडे वळली आणि अंदमानवरचा बेत रद्द झाला. हवी होती समुद्राची मोहीम, वाट्याला आली डोंगराची. मग त्याने दोन गोष्टी केल्या ज्या दुसऱ्या कुणाला जमल्या नसत्या. ब्रिटिश आणि अमेरिकी हवाई दलं एका कमांडखाली आणली (डिसेंबर १९४३, प्रमुख अमेरिकी जनरल स्ट्रेटमेयर). आणि मार्च १९४४ मध्ये चीनकडे हिमालयावरून जाणारी विमानं हात घालून ओढून घेतली.

हा दुसरा प्रसंग तारखेनिशी लिहा. ७ मार्चला उत्तरेकडच्या आघाडीवर जीप चालवताना चाकाखालचा बांबू उसळून माउंटबॅटनच्या डाव्या डोळ्याला लागला, तो लेडोच्या अमेरिकी इस्पितळात पडून होता. १४ मार्चला परतीच्या वाटेवर कोमिल्लाच्या धावपट्टीवर स्लिम भेटला. पाचवी हिंदी डिव्हिजन आराकानातून उचलून इंफाळला न्यायची होती आणि विमानं नव्हती. मागणी साधारण ३० डकोटा वाहतूक विमानांची. हिमालयावरून चीनकडे जाणाऱ्या मार्गावरच्या विमानांना हात लावायला वॉशिंग्टनची परवानगी लागत असे. माउंटबॅटनने परवानगीची वाट न पाहता "नाही म्हणालात तर थांबतो, नाहीतर घेतोय" अशा थाटाची तार केली आणि २० मोठी सी-४६ विमानं मिळवली, जी ३० डकोटांइतका भार नेत. १९ मार्चपासून डिव्हिजन तोफा, जीपा, खेचरं यांसकट उडायला लागली. माणसं कुठे आणि कधी न्यायची हा निर्णय स्लिमचा, विमानं माउंटबॅटनची. दोन्ही नावं एका वाक्यात घ्यायची तर ती अशी घ्या.

गोणपाट

प्रश्न २. रसदवाल्यांनी विमानं आणली, मी टनांचा हिशेब मांडतो.

वेढा पडला तेव्हा इंफाळच्या मैदानात सुमारे १,५५,००० माणसं आणि ११,००० जनावरं होती. रोजची गरज ४०० टनांच्या आसपास धरली होती. डकोटाचा भार साधारण अडीच टन. म्हणजे दिवसाला १६० फेऱ्या, पावसाळ्यात, डोंगरांवरून. एप्रिल आणि मे महिन्यांत हा आकडा गाठता आला नाही. जूनमध्ये कुठे त्याच्या जवळ पोचले. बारमाही धावपट्ट्या दोनच, इंफाळ आणि पालेल. बाकीच्या मातीच्या, एक जोरदार सर आली की बंद.

टन कमी पडतात तेव्हा समीकरणाची दुसरी बाजू कमी करायची, आणि तेच केलं. शिधा दोन तृतीयांशावर आणला. जे लढत नाहीत त्यांना बाहेर काढलं: परतीच्या रिकाम्या विमानांतून सुमारे ४३,००० बिनलढाऊ माणसं आणि १३,००० जखमी-आजारी हलवले. "विमानाने रसद आली" यापेक्षा "विमानाने तोंडं कमी केली" हे वाक्य जास्त खरं आहे.

वेढ्याआधीची अडचणही लिहा. कलकत्त्याहून ब्रॉडगेजने आलेला माल पार्बतीपूरला उतरवून मीटरगेजवर चढवायचा. पुढे ब्रह्मपुत्रेवर पूल नाही, म्हणून अमीनगाव-पांडू दरम्यान डबे फेरीबोटीवर. मग दिमापूरचा डेपो आणि तिथून घाटरस्त्याने कोहिमा, इंफाळ. हा सगळा मार्ग चहाच्या मळ्यांसाठी बांधलेला, शांततेत दिवसाला ६०० टनांचा. अमेरिकी रेल्वे तुकड्यांनी ताबा घेतल्यावर ऑक्टोबर १९४४ पर्यंत तो ४,४०० टनांवर गेला. मधल्या काळात स्लिमचा रसदप्रमुख स्नेलिंग जे काही करत होता त्याला मराठीत काटकसर म्हणणं म्हणजे अपमान आहे.

उदाहरणार्थ पॅराशूट. रेशमी पॅराशूटं हिंदुस्थानात पुरेशी मिळेनात, मागणी केली तर यादीत सर्वांत खाली नंबर. स्लिमने कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांना गाठलं. महिन्याभरात तागाची हवाई छत्री तयार झाली. नेहमीच्या पॅराशूटला २० पौंडांच्या वर खर्च येई, हिला साधारण एक पौंड. भरवसा रेशमाच्या ८५ टक्के. म्हणून ती फक्त मालासाठी, माणसासाठी कधीच नाही. तांदूळ, आटा असल्या गोष्टींना तीही लागत नसे. आतलं पोतं गच्च भरलेलं, त्यावर ढिलं मोठं पोतं. जमिनीवर आदळून आतलं फाटलं तरी बाहेरच्यात धान्य राहतं. एकेरी पोतं टाकलं तर अर्धा माल चिखलात.

तागाचा दुसरा उपयोग रस्त्याला झाला. तामूकडून कलेवाकडे जाणाऱ्या पट्ट्यात दगड मिळेना. मग गोणपाटाचे पट्टे डांबरात बुचकळून, दाबून सपाट केलेल्या मातीवर कडा एकमेकींवर चढवून अंथरले. असा शंभर मैलांवर रस्ता झाला. यात फसतं ते कडेला: खालच्या मातीला उतार आणि बाजूला चर नसेल तर पाणी आत शिरतं, एक भोक पडलं की त्या जागची माती रबडी होते आणि ट्रक रुततो. त्यामुळे अंथरण्यापेक्षा माती तयार करण्यातच जास्त वेळ जाई.

आणि हिवताप. खरं तर स्लिमचं नेतृत्व एकाच गोष्टीवर दाखवायचं तर मी हीच निवडीन. १९४३ मध्ये एक जखमी मागे पाठवला जाई तेव्हा १२० आजारी पाठवावे लागत. हिवतापाचं वार्षिक प्रमाण एकूण फौजेच्या ८४ टक्के. त्याने चार गोष्टी केल्या. रुग्णाला हिंदुस्थानात न पाठवता आघाडीच्या काही मैल मागे तंबूतल्या केंद्रात उपचार, म्हणजे माणूस महिन्यांऐवजी आठवड्यांत परत. गंभीर जखमींना विमानाने थेट मोठ्या इस्पितळात. नवी औषधं. आणि शिस्त: संध्याकाळनंतर बाह्या खाली, लांब विजार, रोज मेपॅक्रिनची गोळी अधिकाऱ्यासमोर गिळायची. गोळीने पुरुषत्व जातं अशी अफवा होती, शिवाय कातडी पिवळी पडायची, म्हणून सैनिक ती गुपचूप थुंकत. स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. पलटणीत ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांत औषध सापडलं तर कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना घालवावं लागलं, बाकीच्यांना आपोआप समजलं. १९४५ मध्ये आजारी पडण्याचं प्रमाण रोज हजारी एक इतकं उतरलं. लक्षात घ्या, शिक्षा गोळी थुंकणाऱ्याला नव्हती, त्याच्या साहेबाला होती.

चिंदविनकाठ

मुतागुचीबद्दल धागाकर्त्याची शंका रास्त आहे. आततायी तो होताच. पण त्याचा बेत वेडेपणाचा नव्हता. तो एका गृहीतकावर उभा होता, आणि ते गृहीतक आधी दोनदा खरं ठरलेलं होतं.

मलायात आणि १९४२ च्या ब्रह्मदेशात जपान्यांनी बगल मारून मागचा रस्ता अडवला की ब्रिटिश फौज माघार घ्यायची आणि कोठारं मागे टाकून जायची. जपानी सैनिक त्या कोठारांवर जगायचे. मुतागुची स्वतः मलाया-सिंगापूरच्या मोहिमेत अठराव्या डिव्हिजनचा प्रमुख होता. त्यामुळे त्याने हिशेब मांडला तो असा: तीन डिव्हिजना (१५, ३१, ३३), सैनिकाच्या पाठीवर साधारण २० दिवसांचा शिधा, तेवढ्यात इंफाळचे डेपो हाती.

तारखा लावून बघा. ३३ वी डिव्हिजन ८ मार्चच्या सुमारास निघाली, बाकीच्या दोघींनी १५ मार्चला चिंदविन नदी ओलांडली. १५ मार्च अधिक २० दिवस म्हणजे ४ एप्रिल. कोहिमावरचा हल्ला सुरू झाला त्याच दिवशी. म्हणजे सातोची ३१ वी डिव्हिजन कोहिमाच्या टेकड्यांशी भिडली त्या क्षणी तिची पिशवी रिकामी होत आली होती. पुढे जे दोन महिने ती लढली ते बिनशिध्याचं.

सोबत गुरं हाकत नेण्याची कल्पना होती: ओझं वाहतील, मग खाता येतील. बरीचशी चिंदविनमध्येच वाहून गेली, उरलेली डोंगरात कोलमडली. शेतातल्या बैलाला ओझं पाठीवर घेऊन चढायची सवय नसते, ही गोष्ट आपल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल.

गृहीतक मोडलं कुठे? आधी आराकानात. फेब्रुवारी १९४४ मध्ये सिंझवेयाला सातव्या हिंदी डिव्हिजनचा प्रशासकीय तळ वेढला गेला. स्लिमचा हुकूम होता की वेढा पडला तरी हलायचं नाही, रसद वरून येईल. आणि ती आली. बगलेवर आलेले जपानीच उपाशी पडले. ही लढाई २३ फेब्रुवारीपर्यंत संपली होती, म्हणजे मुतागुची निघण्याच्या दोन आठवडे आधी. धडा समोर होता, पण वेळापत्रक ठरलेलं होतं: २९ एप्रिलला सम्राटाचा वाढदिवस, तोवर इंफाळ.

वरच्या साखळीतही घोळ. सातोने कोहिमाला अडकून न पडता दिमापूर गाठावं असं मुतागुचीला वाटलं. तसा हुकूम सुटलाही, पण मुतागुचीचा वरिष्ठ कावाबे याने तो रद्द केला. दिमापूर पडतं तर गोणपाट यांनी वर सांगितलेली रेल्वेच तुटली असती, स्टिलवेलचीसुद्धा. जूनच्या सुरुवातीला कावाबे आणि मुतागुची भेटले. मोहीम थांबवायला हवी हे दोघांनाही कळत होतं, तोंडाने कुणीच बोललं नाही. मुतागुचीने युद्धानंतर सांगितलं की कावाबेने माझ्या चेहऱ्यावरून ओळखावं अशी अपेक्षा होती. मोहीम जुलैच्या सुरुवातीला थांबली. या एका महिन्यात किती माणसं उगाच गेली असतील याचा विचार करा. एकूण सुमारे ८५,००० जणांतले ३०,००० च्या आसपास मेले, त्यांतले कित्येक भुकेने आणि रोगाने.

सातो मात्र मेच्या अखेरीस हुकमाविरुद्ध मागे फिरला. तिन्ही डिव्हिजनप्रमुख बदलले गेले. सातोला कोर्टमार्शल हवं होतं म्हणजे रसदीची कथा दप्तरी आली असती. त्याला मानसिक अस्वास्थ्याचा शिक्का मारून ते टाळलं.

रसदवाला

चिंदविनकाठ यांच्याशी सहमत. फक्त तराजू सारखा ठेवायला स्लिमच्या चुकाही टिपणात हव्यात, त्या त्याने स्वतः कबूल केलेल्या आहेत.

पहिली: टिड्डीमहून सतराव्या डिव्हिजनला कधी मागे बोलवायचं हा निर्णय त्याने इंफाळचा कोअर कमांडर स्कून्स याच्यावर सोपवला. हुकूम उशिरा सुटला, डिव्हिजनच्या मागचा रस्ता कापला गेला, तिला सोडवायला इंफाळची राखीव फौज खर्ची पडली. दुसरी: कोहिमाच्या डोंगरातून जपानी फार तर एक रेजिमेंट आणतील असं धरलं. आली अख्खी डिव्हिजन. समोर सुमारे २,५०० माणसं, त्यांतली बरीचशी डेपोतली आणि इस्पितळातली. पाचव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड (१६१ वी) इंफाळऐवजी दिमापूरकडे उतरवली होती म्हणून निभावलं. कोहिमाचा वेढा २० एप्रिलपर्यंत सुटला, पण रस्ता मोकळा व्हायला २२ जून उजाडला: दिमापूरकडून मोजलेला मैलाचा १०९ वा दगड, तिथे दोन्ही बाजूंचे लोक भेटले.

पानगळ

उत्तम. चिंदविनकाठ, ते ४ एप्रिलचं गणित तसंच घेतो. इरावती पार करण्याबद्दल कुणी लिहील का? तिथे स्लिमच्या "फसवणुकीचं" फार कौतुक वाचलंय, पण प्रत्यक्ष नदी ओलांडली कशी ते सापडत नाही. आणि चौथा प्रश्न राहिलाच.

इरावती_१९४५

फसवणूक थोडक्यात. स्लिमला वाटलं होतं की ब्रह्मदेशातला जपानी सेनापती किमुरा इरावतीच्या अलीकडे, श्वेबोच्या मैदानात लढेल. डिसेंबर १९४४ च्या मध्यात लक्षात आलं की तो नदीमागे सरकतोय. बेत काही दिवसांत बदलला. तेहतिसावी कोअर मंडालेसमोर गाजावाजा करील, चौथी कोअर (मेसर्व्ही) गांगाव खोऱ्यातून दक्षिणेला वळून पकोक्कूजवळ नदी ओलांडेल आणि मेइक्तिलावर झडप घालेल. किमुराची कोठारं, धावपट्ट्या, रस्ते-रेल्वेचा सांधा सगळं मेइक्तिलाला. चौथ्या कोअरने रेडिओ बंद ठेवला आणि तामूला तिचं खोटं मुख्यालय नेहमीसारखे संदेश पाठवत राहिलं.

आता अडचणी. १० डिसेंबरच्या पहाटे ७५ अमेरिकी वाहतूक विमानं चीनकडे गेली, स्लिमला आधी पत्ताच नाही. त्या आवाजाने इंफाळमध्ये त्याला जाग आली. म्हणून भार नदीवर टाकला. त्याच दिवशी कलेवाला चिंदविनवरचा बेली पूल (तयार लोखंडी भाग जोडून केलेला) खुला झाला: १,१५४ फूट, तेव्हाचा जगातला सर्वांत लांब तरंगता बेली पूल, २८ कामाच्या तासांत जोडलेला. शेजारीच मुख्य अभियंता हेस्टेडने बोटींचा कारखाना काढला. हत्तींकरवी साग ओढून आणायचा आणि काठावर सपाट तळाचे पडाव बांधायचे. एकेक साधारण १० टनांचा, एकूण ५४१. तीन एकत्र बांधले की शर्मन रणगाडा जाई. दोन छोट्या तोफनौकाही तिथेच झाल्या, 'पामेला' आणि 'ऊना'. एक माउंटबॅटनची मुलगी, दुसरी स्लिमची. साहेबाला खूष ठेवायची कला सागावरही चालते!

न्याउंगूचं पार होणं मात्र तपशिलात लिहा, कारण तिथे सगळं फसता फसता वाचलं. १३-१४ फेब्रुवारीची रात्र. सातवी डिव्हिजन, तिरकं अंतर सुमारे २,००० यार्ड, कुठल्याही आघाडीवरचं शत्रूसमोर झालेलं सर्वांत लांब नदी-उल्लंघन. पहिली तुकडी अंधारात वल्ह्यांनी, बिनआवाज गेली आणि पलीकडे चढली. मागची मोठी तुकडी इंजिनांच्या बोटींतून निघणार होती. त्या बोटी आणि इंजिनं सव्वातीनशे मैल धुळीच्या रस्त्याने ट्रकांवरून आलेली. गुप्ततेपायी पाण्यात उतरवून नीट पारखलेली नव्हती. इंजिनं सुरू होईनात, काही बोटींत पाणी शिरलं, प्रवाहाने त्या खाली वाहिल्या, रांगा मोडल्या, आणि तेवढ्यात उजाडलं. मशीनगनच्या टप्प्यात उघड्या नदीवर सापडल्या. माघार घ्यावी लागली. मग तोफा, रणगाडे आणि विमानांच्या जोरदार माऱ्याखाली दुसऱ्या बटालियनने (४/१५ पंजाब) दिवसाउजेडी पार केलं आणि ते जमलं. जमलं याचं खरं कारण समोर फौज पातळ होती, आणि ती पातळ का होती याचं उत्तर तामूच्या त्या खोट्या मुख्यालयात आहे.

मेइक्तिला ३ मार्चला पडलं, मंडाले २० मार्चला. मधल्या काळात जपान्यांनी मेइक्तिलाला उलट वेढा घातला. आतल्या सतराव्या डिव्हिजनला रसद वरूनच, धावपट्टी कधी यांची कधी त्यांची.

एक मर्यादा लिहायला विसरू नका. डकोटा सुमारे २५० मैलांपर्यंतच फायद्यात माल नेते. त्यापलीकडे पेट्रोलच जास्त. म्हणून रंगूनकडे जायचं तर आराकान किनाऱ्यावरच्या अक्याब आणि रामरीच्या धावपट्ट्या हव्या होत्या. त्या जानेवारी १९४५ मध्ये मिळाल्या, पंधराव्या कोअरमुळे, जी आता स्लिमकडे नव्हती.

घाटमाथा

चौथा प्रश्न, मराठी संबंध. दोन जागा पक्क्या आहेत.

संगशाक, २१ ते २६ मार्च १९४४. उखरूलजवळच्या या टेकडीवर ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडसोबत ४/५ मराठा लाइट इन्फंट्री होती. मूळची ती तेविसाव्या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडची. समोर कोहिमाकडे निघालेली ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट. टेकडीवर माती थोडी, खाली कातळ, त्यामुळे खंदक गुडघाभर. काटेरी तार नाही. पाणी जवळजवळ नाही. आणि घेरा इतका लहान की विमानाने टाकलेल्या बऱ्याचशा छत्र्या जपान्यांच्या हद्दीत पडायच्या. गोणपाट यांच्या हिशेबात ही ओळ घाला: टाकलेला टन म्हणजे मिळालेला टन नव्हे. एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ कोहिमाच्या चढाईचे नकाशे सापडले, ते इंफाळला पोचवले गेले. २६ च्या रात्री ब्रिगेड बाहेर पडली. त्या पाच-सहा दिवसांचा उशीर ३१ व्या डिव्हिजनला २० दिवसांच्या शिध्यातून भरावा लागला. ४ एप्रिलच्या गणिताची दुसरी बाजू ही.

दुसरी जागा कांगाव, आराकान, जानेवारी-फेब्रुवारी १९४५. पंचविसाव्या डिव्हिजनच्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनांचे प्रमुख हिंदी: थोरात (२/२ पंजाब), सेन (१६/१० बलूच), थिमय्या (८/१९ हैदराबाद). कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात पुढे लेफ्टनंट जनरल झाले, ईस्टर्न कमांडचे प्रमुख. कांगावला तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. पण पलटण पंजाबची होती, मराठा नव्हे. "मराठा पलटणीने कांगाव घेतलं" असं लिहू नका.

तसंच यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची व्हिक्टोरिया क्रॉस ब्रह्मदेशच्या लेखांत सर्रास येतात. दोन्ही इटलीतली आहेत: घाडगे (३/५ मराठा) १० जुलै १९४४, तायबरच्या वरच्या खोऱ्यात. जाधव (१/५ मराठा) ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर.

अवांतर: आझाद हिंद सेनेला वगळून हे टिपण पुरं होणार नाही. मणिपुरातल्या मोइरांगला तिने झेंडा फडकवला तो १४ एप्रिल १९४४ ला. वर ज्या न्याउंगू-पगानच्या काठाचा उल्लेख आहे तिथे पलीकडे गुरबक्षसिंग धिल्लों यांची नेहरू ब्रिगेड होती. स्लिमच्या लिखाणात शरण यायला पांढरं निशाण घेऊन आलेली त्यांची होडी एवढंच दिसतं. धिल्लोंच्या बाजूने पाहिलं तर दारूगोळा संपेपर्यंत लढलेल्या तुकड्याही त्याच काठावर होत्या. दोन्ही लिहा. आणि उतरंडीच्या तक्त्यात ऑकिन्लेक आहेच, तर हेही जोडा: लाल किल्ल्याच्या खटल्यानंतर शाहनवाज, सहगल, धिल्लों यांची काळ्या पाण्याची शिक्षा ३ जानेवारी १९४६ ला माफ करणारा सरसेनापती तोच.

रसदवाला

इरावती_१९४५ यांच्या प्रतिसादाला पुरवणी. चौथी कोअर रंगूनच्या अलीकडे पेगूजवळ असताना पावसाळा मेच्या पहिल्या दोन दिवसांतच कोसळला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. धावपट्ट्या बुडाल्या, ओढे फुगले. हे होऊ शकतं हे धरूनच स्लिमने समुद्रावरून उतरण्याचा जुना बेत परत मागितला होता आणि एप्रिलच्या सुरुवातीला माउंटबॅटनने तो मंजूर केला. फौज २ मेला उतरली तेव्हा शहर रिकामं होतं. तुरुंगातल्या कैद्यांनी छपरावर "जपानी गेले" असं रंगवून ठेवलं होतं. ते पाहून एका वैमानिकाने रंगूनजवळच्या मिंगलाडोन धावपट्टीवर विमान उतरवलं, खड्ड्यांनी विमान मोडलं आणि तो चालत तुरुंगापर्यंत गेला.

पाच दिवसांनी, ७ मेला, लीजने स्लिमला भेटून चौदावी आर्मी त्याच्याकडून काढून घेत असल्याचं सांगितलं. फौजेत आणि लंडनमध्ये एवढा गदारोळ झाला की शेवटी लीजच गेला आणि त्याच्या खुर्चीवर स्लिम बसला. पानगळ, उतरंडीच्या तक्त्यात ऑगस्ट १९४५ साठी वेगळा रकाना ठेवा.

पानगळ

ठेवला. स्टिलवेलची रेषा तुटकच काढतोय. कामाइंगपर्यंत.